लंडनचे गुंड पाहायला वेलिंग्टनला

वेलिंग्टनला जायचं ठरलं तेव्हा मी आंघोळीला गेलो होतो. बाहेर येऊन पाहतो तर मंदार, म्हणजे माझा मुलगा, आणि मधुकरराव, म्हणजे त्याचे सासरे, जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून बसले होते. वेलिंग्टनमधल्या एका जुन्या थिएटरात त्या शनिवारी ब्रिटिश गुंडपट लागणार होते. मोटेल कुठे घ्यायचं इथपर्यंत बेत झाला होता. मला पाहताच मधुकरराव उठून उभे राहिले, स्वतःची खुर्ची पुढे केली आणि म्हणाले, "आपणही चला ना. आपण आलात तर शोभा येईल."

मुलाच्या बापाला लग्नानंतरही शोभेसाठीच नेतात.

ही गोष्ट दोन हजार सहाच्या हिवाळ्यातली. तिकडचा हिवाळा, म्हणजे आपला जुलै. मंदार ऑकलंडच्या फ्लॅट बुशमध्ये राहतो. तिथे सगळी घरं नवी, मोठी आणि एकसारखी. चालायला जाऊन परतताना मी दोनदा शेजाऱ्याच्या दारात उभा राहिलो. सून शलाकाचं पहिलं बाळंतपण, म्हणून तिचे आईवडील ठाण्याहून आधी आले होते. मी आणि सुनंदा बाळ झाल्यावर पोचलो. आम्ही पोचेपर्यंत त्या घराच्या सवयी ठरून गेल्या होत्या, आणि त्यातली एक सवय दर शुक्रवारची होती. ओटाहुहूला भाजी आणायला जायचं, येताना व्हिडिओच्या दुकानातून डीव्हीडी घ्यायची, आणि जेवण लवकर आटोपून सासरे-जावई चिवड्याचं भांडं मध्ये ठेवून सोफ्यावर बसायचे. पाहायचं एकच: लंडनच्या गुंडांचे सिनेमे. चांगले शिवलेले सूट, हळू आवाज, चहाचे कप आणि मग एकदम हातोडी.

पहिल्या शुक्रवारी मीही बसलो. दहाव्या मिनिटाला कुणाची तरी बोटं दारात चेमटली. मला रक्त बघवत नाही. मी बाळाला बघायला म्हणून उठलो. पाठीमागून दोघांचं हसणं ऐकू आलं. ते सिनेमाला हसत होते, मला नाही. हे कळत असूनही मी बाळाच्या पाळण्यापाशी बराच वेळ उभा राहिलो.

मी पुण्यात एका दैनिकाची रविवार पुरवणी अनेक वर्षं सांभाळली. पाच वाजता पान लावायचं म्हणजे लावायचं, या शिस्तीत आयुष्य गेलं. रागावलो तरी आवाज चढत नाही, असं लोक म्हणतात. म्हणून हे प्रवासवर्णन लिहितानाच सांगून टाकतो, की त्या चार दिवसांत मी जितका जळलो तितका आयुष्यात कधी जळलो नव्हतो, आणि तेही एका निवृत्त, मधुमेही, पाणीपुरवठा खात्यातल्या अभियंत्यावर.

शुक्रवारी उजाडायच्या आधी निघालो. बायकांनी आनंदाने निरोप दिला. सुनंदा तर म्हणाली, की तिघंही जाताय ते उत्तम, तेवढीच घरात शांतता.

कुणी ऑकलंडहून वेलिंग्टनला गाडीने जाणार असेल तर सांगतो, पूर्ण दिवस हाताशी ठेवा. नकाशावर अंतर पुणे-नागपूरपेक्षा कमी दिसतं, पण शहर सोडलं की मोटरवे संपतो आणि पुढे बहुतेक दोन पदरी रस्ता असतो, गावागावांतून जाणारा. गावात पन्नासचा वेग म्हणजे पन्नासच. पेट्रोल महागलं होतं, तरी तिघांत मिळून गाडी विमानापेक्षा स्वस्त पडते. हिवाळ्यात टाउपोच्या पुढे डेझर्ट रोड बर्फामुळे कधीकधी बंद करतात, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. शाकाहारी असाल तर दुपारचं खाणं बरोबर घ्या. गावोगावी बेकऱ्या आहेत, पण पाय नावाचा जो पदार्थ काचेमागे गरम होत असतो त्यात बहुतेक वेळा खिमा असतो. आमच्याकडे विहीणबाईंनी दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती.

गाडीत पुढची सीट मला. याबद्दल मधुकरराव ऐकेचनात. मुलाच्या वडलांनी मागे बसायचं आणि आपण पुढे, हे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. मी पुढे बसलो. त्यामुळे झालं असं, की मला पट्ट्यात बांधून समोरचा रस्ता दाखवण्यात आला आणि गप्पा मागून सुरू झाल्या. मधुकरराव दोन्ही सीटच्या मधून डोकं पुढे काढून मंदारच्या कानाशी बोलत, आणि मंदार आरशात बघून उत्तर देत असे. ऑकलंडच्या दक्षिणेला बॉम्बे नावाचं गाव लागतं. तिथल्या पाटीपाशी मधुकरराव लंडनच्या गुंडाच्या सुरात म्हणाले, "बस. चहा घे. साखर किती? बरं, आता तुझा गुडघा बघू." मंदार इतका हसला की त्याला गाडी हळू करावी लागली. बॉम्बेचा आणि गुडघ्याचा काय संबंध, ते मला आजही माहीत नाही. विचारलं तेव्हा मंदार म्हणाला, "बाबा, ते तुम्ही सिनेमा पाहिला असता तर कळलं असतं."

टाउपोचं तळं सुंदर आहे. ते मी सुंदर म्हणून पाहिलं नाही. डेझर्ट रोड उघडा होता. दोन्ही बाजूंना पिवळसर, उंच गवताचे झुबके, मध्ये एकही घर नाही, आणि उजव्या हाताला बर्फाने भरलेला रुआपेहू पर्वत ढगातून अर्धा बाहेर. एरवी मी अशा ठिकाणी गाडी थांबवून चार ओळी टिपून घेतल्या असत्या. मागची सीट तेव्हा कोणता नट सर्वांत शांतपणे मारतो या विषयावर होती.

ताइहापे नावाच्या गावात चहाला थांबलो. मंदार पेट्रोल भरायला गेला. कॅफेत मी आणि मधुकरराव समोरासमोर. बोलायला काहीतरी हवं म्हणून मी म्हटलं, की मंदारला शुक्रवार-सोमवार अशी रजा बरी मिळाली.

ते सहज म्हणाले, "रजेचं काय, आता त्या ऑफिसात त्याचं मन कुठे आहे? टीम लीडची जागा त्या दुसऱ्या मुलाला दिल्यापासून..."

आणि माझा चेहरा बघून थांबले. कप खाली ठेवला. म्हणाले, "आपल्याला बोलला असेल असं मी धरून चाललो."

"हो, बोलला होता," मी म्हटलं.

तो मला काहीही बोलला नव्हता. रोज संध्याकाळी मी त्याला ऑफिस कसं चाललंय विचारत होतो, आणि तो 'स्वीट अ‍ॅज, बाबा' म्हणजे तिकडच्या भाषेत 'झकास', असं म्हणून बूट काढत होता. या माणसाला मात्र सगळं माहीत होतं. बाहेर मंदार गाडीची काच पुसताना दिसत होता. मधुकररावांनी माझ्या बशीत साखरेची पुडी ठेवली. मला त्यांचा इतका राग आला की मी ती परत त्यांच्या बशीत ठेवली. त्यांना मधुमेह आहे.

वेलिंग्टनला पोचलो तेव्हा अंधार पडला होता आणि वारा असा होता की गाडीचं दार उघडताना दोन्ही हात लावावे लागले. मोटेलची मालकीण किल्लीबरोबर दुधाची छोटी बाटली देते आणि फुल क्रीम हवं की साय काढलेलं, ते विचारते. हा तिकडचा रिवाज फार आवडला. खोलीत केटल, चहा, टोस्टर असतं. सकाळच्या चहाची चिंता नाही. चादरीखाली विजेचं ब्लँकेटही होतं. माझ्या खोलीत.

कारण खोल्या दोन होत्या. एक डबल, एक दोन स्वतंत्र खाटांची. व्याह्यांना स्वतंत्र खोली, असं मधुकररावांनी आधीच ठरवून मंदारला फोनवर सांगायला लावलं होतं. "आपल्याला आराम हवा," ते म्हणाले. मी चुलत्यांच्या घरी आठ जणांत झोपून शिकलेला माणूस. मला आराम नको होता. पण मानाला नाही म्हणता येत नाही, विशेषतः तो इतक्या मनापासून दिला असेल तर. जेवण झालं, दोघं मला दारापर्यंत सोडून गेले, आणि थोड्याच वेळात भिंतीपलीकडून हसणं सुरू झालं. मी ब्लँकेटचं बटण वाढवलं.

शनिवारी सकाळी वारा पडला आणि वेलिंग्टन एकदम दिसलं. टेकड्यांवर चढत गेलेली लाकडी घरं, खाली बंदर, आणि सगळं पायी फिरता येईल एवढं. बंदराकाठचं मोठं संग्रहालय फुकट आहे. एक सकाळ त्याला द्याच. केबल कारने वर जा, उतरताना बागेतून पायी या. आम्ही यातलं निम्मं केलं, कारण पहिला खेळ अकराचा होता.

थिएटर लहान, लाल खुर्च्यांचं, जिने कुरकुरणारे. दोन्ही सिनेमे अठरा वर्षांवरच्यांसाठी. तिकीट खिडकीतल्या बाई 'किया ओरा', म्हणजे माओरीतला नमस्कार, म्हणाल्या, आमच्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, की वयाचा पुरावा आहे ना? मग स्वतःच हसून दोन ज्येष्ठ नागरिकांची सवलत लावली. आत मधुकररावांनी मला मधल्या वाटेलगतची खुर्ची दिली, पाय लांब करता यावेत म्हणून. मग ते स्वतः, मग पलीकडे मंदार. मी, माझे लांब केलेले पाय, आणि मध्ये मधुकरराव.

सकाळचा सिनेमा जुना होता. त्यातली माणसं एकमेकांना मारत होती एवढंच आठवतं. दुपारचा मात्र सविस्तर सांगतो.

दक्षिण लंडनमधला भंगाराचा धंदा असलेला एक म्हातारा दादा. दर रविवारी दुपारी सगळी टोळी त्याच्या घरी जेवायला. भाजलेलं मांस तो स्वतः कापतो, स्वतः वाढतो. ज्याच्या ताटात तुकडा उशिरा पडतो, त्याला कळतं की आपलं काही खरं नाही. तर हा दादा तुरुंगात जाऊन परत येतो. घरात शिरतो तर त्याचा मुलगा आणि त्याचा ड्रायव्हर स्वयंपाकघरात ओट्याला टेकून खदखदून हसताहेत. दादाला पाहताच दोघं ताठ उभे राहतात. ड्रायव्हर खुर्ची पुढे करतो. कोट घेतो. आणि कशाला हसत होतो ते कुणीच सांगत नाही.

तोपर्यंत पडद्यावर कुणाला ओरखडासुद्धा आला नव्हता. पण कोण मरणार ते मला तेव्हाच कळलं. खरं म्हणजे मला ते हवंच होतं. पुढचा तासभर मी पाय आखडून बसलो होतो. ड्रायव्हर वाईट नव्हता. तो दादाला औषधं आणून देत होता, त्याच्या अपरोक्ष त्याच्याबद्दल चांगलंच बोलत होता. तरीही तो मरावा असं मला मनापासून वाटत होतं. शेवटी दादा त्याला स्वतःच्या हाताने पहिला तुकडा वाढतो, आणि जेवण झाल्यावर भंगाराच्या आवारात नेतो. मी डोळे मिटले नाहीत. रक्तही पाहिलं. दिवे लागले तेव्हा मधुकररावांनी हळूच विचारलं, "आपल्याला त्रास नाही ना झाला?" मी म्हटलं, फार छान होता.

मग क्यूबा स्ट्रीटवर एका मलेशियन खानावळीत भात आणि शेंगदाण्याची आमटीसारखी भाजी खाल्ली. स्वस्त आणि तिखट. शाकाहारी म्हणून सांगितलं तर कांदा-टोफू घालून नीट करून देतात. तिथे मी पहिल्यांदाच विचारलं, की सभ्य, नोकरदार माणसांना हे सिनेमे का आवडतात.

मधुकररावांचं उत्तर तयार होतं. सगळं आयुष्य नगरसेवकांच्या आणि कंत्राटदारांच्या दाराबाहेरच्या बाकावर बसून 'येतो साहेब' म्हणत काढलं. पाइपलाइन कुणाच्या आळीतून जाणार ते ठरवणारे आत, आणि ती टाकणारा बाहेर. "हे लोक नमस्कार करतात, चहा पाजतात, आणि जे करायचं ते करतात. मला फक्त पहिल्या दोन गोष्टी जमल्या."

मंदारने टोफू बाजूला सारला. म्हणाला, की ऑकलंडमध्ये सगळे इतके चांगले बोलतात. तुझं काम ग्रेट आहे, हीप्स ऑफ पोटेन्शियल. आणि निर्णय झाल्यावर ई-मेल येते. "त्या सिनेमात निदान माणूस समोर बसून सांगतो ना, की तू नको."

मी त्याच्याकडे पाहत होतो. तो हे माझ्याकडे बघून बोलला नव्हता. मधुकररावांनी नुसती मान हलवली, जणू हे वाक्य त्यांनी आधी ऐकलेलं होतं. अर्थात ऐकलेलंच होतं.

रविवारी परतीला लागलो आणि टाउपोला मुक्काम केला. तिथे गरम पाण्याची कुंडं आहेत. हिवाळ्यात थंड हवेत डोकं बाहेर ठेवून गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसणं चुकवू नका. तिघंही बसलो. आणि त्या वाफेत मी ठरवलं.

मोटेलच्या काउंटरवर दोन किल्ल्या आणि दोन दुधाच्या बाटल्या समोर आल्या. मधुकरराव स्वतंत्र खोलीची किल्ली माझ्यापुढे धरणार तेवढ्यात मी ती उचलून त्यांच्या हातात ठेवली. आवाज अगदी मऊ ठेवला.

"मधुकरराव, दोन रात्री तुम्ही माझा मान ठेवलात. आज तुमचा मान. स्वतंत्र खोली तुमची."

"अहो नाही, मी कसा..."

"मग मला वाईट वाटेल."

ते किल्ली घेऊन उभे राहिले. मंदार माझ्याकडे बघत होता. त्या क्षणी, सांगायला हरकत नाही, मला भंगारवाल्या दादासारखं वाटलं. पहिला तुकडा वाढल्यासारखं.

तर अखेर मी आणि माझा मुलगा एका खोलीत. दोन खाटा, केटल, टीव्हीवर रग्बी. बाहेर नुकताच अंधार पडलेला. मी विचारलं, चहा घेतोस? तो म्हणाला, नको. मी विचारलं, ऑफिस कसं चाललंय? तो म्हणाला, ठीक. मग मी रग्बीचे नियम विचारले. त्याने सांगितले. मला कळले नाहीत. मी पुन्हा विचारले नाहीत. भिंतीपलीकडे मधुकरराव खोकले. आम्ही दोघांनीही भिंतीकडे पाहिलं. थोड्या वेळाने ते पुन्हा खोकले.

"काका एकटेच आहेत," मंदार म्हणाला.

"त्यांना आराम हवा असेल."

"त्यांना एकट्याला झोप येत नाही, बाबा."

तेही मला माहीत नव्हतं. मी मोजे घालून बाहेर गेलो आणि त्यांचं दार वाजवलं. ते इतक्या पटकन उघडलं की ते दाराशीच उभे असावेत. अंगावर शाल, हातात चिवड्याची पिशवी. मी म्हटलं, चला. त्यांनी 'नको नको' एकदाच म्हटलं.

टीव्हीवर दुसऱ्या वाहिनीवर कुठलासा इंग्रजी पोलिसांचा सिनेमा चालू होता. मधुकरराव मंदारच्या खाटेवर एका टोकाला, मी माझ्या खाटेवर, दिवा बंद. पडद्यावर कुणीतरी कुणालातरी नम्रपणे खुर्ची देत होतं. मधुकरराव पुटपुटले, "गेला हा." मी म्हटलं, "खुर्ची दिली म्हणजे गेलाच." मंदार हसला. मी म्हटलेल्या गोष्टीला हसला. मग पडद्याकडेच बघत तो म्हणाला, "बाबा, ती लीडची जागा मला मिळाली नाही."

मीही पडद्याकडेच पाहत राहिलो. मान वळवली असती तर तो गप्प झाला असता, एवढं मला तोवर समजलं होतं. "कुणाला दिली?" मी विचारलं. त्याने सांगितलं. मग आणखी बरंच सांगितलं: आपणच काम शिकवलेल्या मुलाच्या हाताखाली आता काम करायचं, ते शलाकाला बाळंतपणात सांगायचं नव्हतं, आणि मला सांगितलं तर मी सल्ला देईन याची भीती होती. मी सल्ला दिला नाही. सुचत होते. मधुकररावांनी चिवड्याची पिशवी आधी माझ्याकडे केली, आणि मी ती मुकाट्याने घेतली.

सोमवारी येताना मी मागे बसलो. मधुकरराव पुढे बसायला तयार नव्हते, म्हणून तेही मागे बसले. पुढची सीट रिकामी ठेवून आम्ही ऑकलंडपर्यंत आलो, आणि मंदार म्हणाला, "मी टॅक्सीवाला दिसतोय."

पुण्याला परतून आता काही महिने झाले. वाचक विचारतील, की ही सहल करावी का. करावी. रस्ता उत्तम, लोक मदतीला तत्पर, थंडीचे कपडे भरपूर न्या. गुंडपट आवडणार नसतील तरी एकदा पाहा, पण एकटे पाहू नका. मारामारी तशी थोडीच असते. उरलेला वेळ माणसं शेजारी-शेजारी बसून, भलत्याच दिशेला बघत, जे बोलायचं ते बोलतात.

जळणं संपलं का, तर नाही. मंदार अजूनही काही गोष्टी आधी ठाण्याला सांगतो. आवाजावरून मला ओळखू येतं, की हे वाक्य दुसऱ्यांदा बोललं जातंय.

मात्र गेल्या रविवारी मधुकरराव काही कामानिमित्त पुण्यात आले होते आणि आमच्याकडेच उतरले. येताना त्यांनी एक डीव्हीडी आणली, कुठल्याशा लिव्हरपूलच्या टोळीची. दुपारी जेवण झाल्यावर पडदे ओढून आम्ही दोघं बसलो. सुनंदा आतून म्हणाली, की आवाज कमी करा, शेजारी पोलीस बोलावतील. तेवढ्यात मंदारचा फोन आला. तिकडे रात्र झाली होती, बाळ झोपलं होतं, त्याला निवांत गप्पा मारायच्या होत्या. काय करताय, त्याने विचारलं. मी सांगितलं: काका आलेत, सिनेमा बघतोय, नवा आहे, फारच चांगला आहे.



"माझ्याशिवाय?" तो म्हणाला.

तो सूर मी ताबडतोब ओळखला. चार दिवस माझ्याच पोटात होता. बाप म्हणून त्याची समजूत घालायला हवी होती. मी म्हटलं, "नंतर कर रे फोन. आत्ता इथे एकाला खुर्ची दिलीये."

आणि खरं सांगतो, फार बरं वाटलं.